पार्ट पाठवा, नुसती एमपीथ्री नको

मा. संपादक,

स. न. वि. वि.

नोकरीधंदा सांभाळून सिम्फनी वाद्यवृंदासाठी स्वतःची रचना करणारी मंडळी आता मराठी मुलखात ठिकठिकाणी भेटतात. कोणाला हार्मोनियमवर चाल सुचलेली असते, कोणी पियानो शिकलेला असतो, कोणी नुसते ऐकून ऐकून कान तयार केलेला. रात्री जेवणे झाली की कम्प्युटर उघडायचा, व्हायोलिन, हॉर्न, टिंपनी असे एकेक वाद्य मांडत जायचे आणि चार मिनिटांची रचना पुरी झाली की ती आपल्यासारख्याच चार वेड्यांना ऐकायला पाठवायची. ही फार चांगली गोष्ट आहे. आमची तक्रार एवढीच, की पाठवली जाते ती फक्त एमपीथ्री. ऐकणारा ‘छान झालंय’ म्हणतो, रचनाकार सुखावतो आणि विषय तिथेच संपतो. ज्याच्या घरी चेलो आहे त्याला ती वाजवून पाहता येत नाही आणि ज्याला दोष कळतो त्याला कोणत्या बारमध्ये (दोन उभ्या रेघांमधल्या मात्रांच्या खंडात) काय चुकले ते बोट ठेवून दाखवता येत नाही. वाद्यवृंदाची रचना वाटायची म्हणजे वादकाच्या स्टँडवर ठेवता येईल असा कागद, म्हणजे प्रत्येक वाद्याच्या ओळीचा वेगळा ‘पार्ट’, वाटायचा. तो कसा तयार करावा आणि तो करताना रचनेतलेच कोणते घोळ उघडे पडतात, हे आपल्या वाचकांसाठी थोडे तपशिलात लिहीत आहोत.

आपल्याकडे ‘ऑर्केस्ट्रा’ म्हटले की गणपतीच्या मांडवातला गाण्यांचा कार्यक्रम आठवतो. तिथे कीबोर्ड, ऑक्टोपॅड, गिटार, ढोलकीवाले गाणे कानाने उचलतात आणि कागदावाचून भागते. सिम्फनी वाद्यवृंदात ते भागत नाही. मुंबईला ही परंपरा नवी नाही. मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला, बॉम्बे चेंबर ऑर्केस्ट्रा १९६२ पासूनचा आणि एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) या संस्थेतला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ चा. हिंदी चित्रपटांच्या स्टुडिओंत एके काळी गोव्याचे वादक का भरलेले असत, याचेही उत्तर कागदातच आहे. चर्चच्या शाळेत लहानपणी स्वरलेखन वाचायला शिकलेला वादक समोर ठेवलेला पार्ट पाहिल्याबरोबर वाजवत असे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी तर १९५८ मध्ये इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभारून रागांवर बेतलेल्या स्वतःच्या रचना मुंबईत सादर केल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. त्या काळी एकेका वादकाचा पार्ट हाताने उतरवावा लागे. आज तेच काम कम्प्युटर मिनिटांत करतो आणि तरीही पार्ट कोणी काढत नाही, याचे वाईट वाटते.

साधनांची अडचण उरलेली नाही. म्युझस्कोअर हे स्वरलेखनाचे सॉफ्टवेअर मोफत आहे. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या त्याच्या चौथ्या आवृत्तीबरोबर म्युझ साउंड्सचे आवाजही मोफत मिळू लागले. सिबेलियस किंवा डोरिको ही याच कामाची दुसरी सॉफ्टवेअर असतील तर उत्तमच. ज्यांची जुनी कामे फिनाले या सॉफ्टवेअरमध्ये अडकली आहेत त्यांनी ती आजच म्युझिक एक्सएमएल (दुसऱ्या स्वरलेखन सॉफ्टवेअरमध्येही उघडणाऱ्या) फाइलमध्ये काढून ठेवावीत, कारण फिनाले बंद करत असल्याचे कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर केले आहे. जुना कम्प्युटर बसला की त्या फाइल उघडायच्या कशात?

आता मूळ मुद्दा. आपल्या मंडळींचा पहिला घोळ सुरुवातीच्या स्वरातच होतो. चाल सुचते हार्मोनियमवर आणि सा असतो काळी एक, कारण गळ्याला तो सोयीचा. रचना मग तशीच काळी एकमध्ये उभी राहते. कम्प्युटरला त्याचे काही नाही. पण वादकाला सी-शार्पची पट्टी म्हणजे सात शार्प (अर्धा स्वर चढवण्याची चिन्हे), डी-फ्लॅट म्हणून लिहिली तरी पाच फ्लॅट (अर्धा स्वर उतरवण्याची), आणि तारवाद्यांची एकही मोकळी तार सा किंवा प ला मिळत नाही. व्हायोलिनच्या तारा जी, डी, ए, ई. व्हायोला आणि चेलोच्या सी, जी, डी, ए. सगळी रचना अर्धा स्वर वर सरकवून सा पांढरी दोन, म्हणजे डी, धरला की चित्रच पालटते. सा आणि प दोन्ही मोकळ्या तारांवर येतात, तंबोऱ्यासारखा धरलेला स्वर आपोआप घुमतो, आणि टिंपनीतही मोठ्या ढोलावर ए आणि लहान ढोलावर डी असे प-सा लावून मोकळे होता येते. पांढरी पाच, म्हणजे जी, धरला तरी तीच सोय.

डी धरला की क्लॅरिनेटकडे मात्र लक्ष हवे. बी-फ्लॅट क्लॅरिनेट लिहिल्यापेक्षा एक पूर्ण स्वर खाली वाजतो, म्हणून त्याला आपल्या डी ऐवजी ई लिहावा लागतो आणि पट्टीत चार शार्प येतात. ए क्लॅरिनेट असेल तर तीच गोष्ट एका फ्लॅटमध्ये बसते. हौशी वादकाकडे ए क्लॅरिनेट बहुधा नसतो, तेव्हा आधी विचारून घ्यावे. आणखी एक: डबल बेसची सर्वांत खालची तार ई ची. त्याखालचा डी, म्हणजे आपला अतिमंद्र सा, साध्या चार तारांच्या बेसवर नाहीच. कम्प्युटर तो खुशाल वाजवून दाखवतो आणि रचनेचा सगळा डोलारा त्या नसलेल्या सावर उभा राहतो.

राग लिहिताना पट्टीचिन्हांचे, म्हणजे ओळीच्या सुरुवातीच्या शार्प-फ्लॅटचे, काय करायचे हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो. तोडी घ्या. डी हा सा धरला तर स्वर येतात डी, ई-फ्लॅट, एफ, जी-शार्प, ए, बी-फ्लॅट, सी-शार्प. काही जण पट्टीच्या जागी दोन फ्लॅट आणि दोन शार्प एकत्र मांडतात. दिसायला ते शास्त्रशुद्ध असते, पण पाश्चात्त्य पद्धतीत वाढलेल्या वादकाने असे मिश्रण आयुष्यात पाहिलेले नसते आणि पहिल्याच ओळीत तो अडखळतो. डी मायनरचा एकच फ्लॅट लावावा आणि बाकीची चिन्हे स्वराशेजारी लिहावीत. कीबोर्ड जोडून स्वर भरले असतील तर सॉफ्टवेअर तीव्र मध्यमाला कधी जी-शार्प लिहिते, कधी ए-फ्लॅट. तीव्र म आणि प लागोपाठ आले की कागदावर ए-फ्लॅट आणि लगेच ए-नॅचरल दिसतो. वादकाला वाटते एकाच स्वराची दोन रूपे आहेत, आणि तो तसेच वाजवतो. कानाला फरक नाही म्हणून ही चूक रचनाकाराच्या लक्षात येत नाही. पार्ट उघडून एकदा सगळे तीव्र म नजरेखालून घालावेत.

मींड हा सर्वांत नाजूक विषय. आपल्या पलुस्कर किंवा भातखंडे स्वरलिपीत मींडेची खूण केली की गाणारा ती कुठून कशी घ्यायची ते जाणतो, कारण त्याने ती गुरूकडून ऐकलेली असते. व्हायोलिनवाल्याच्या पार्टमध्ये दोन स्वरांमध्ये तिरपी रेघ मारली की तो त्याला ग्लिसांडो समजतो आणि पहिला स्वर सुटल्यापासून दुसऱ्यापर्यंत सारख्या वेगाने घसरतो. आपल्याला हवे असते ते पहिल्या स्वरावर थांबणे आणि शेवटच्या अर्ध्या मात्रेत वळणे. मग तसेच लिहावे: पहिला स्वर पूर्ण लांबीचा, त्याला बांधलेला शेवटचा अर्ध्या मात्रेचा तुकडा, आणि रेघ त्या तुकड्यापासून पुढे. मधल्या स्वराला स्पर्श हवा असेल तर तो लहान आकारात, दांडीशिवाय दाखवावा. एवढे करूनही बारा व्हायोलिनांना एकदम मींड दिली तर प्रत्येकाचे बोट वेगळ्या वेगाने सरकते आणि नुसता धुरळा ऐकू येतो. मींड एकल व्हायोलिनला किंवा चेलोला द्यावी, फार तर पहिल्या डेस्कवरच्या (एका स्टँडवर वाचणाऱ्या) दोघांना, आणि बाकीच्यांनी स्वर धरावा. दरबारीच्या गांधाराचे आंदोलनही तसेच. तिथे ट्रिलची खूण चालत नाही, व्हायब्रेटोही नाही. स्वराच्या खालच्या अंगाने, सावकाश, असे शब्दांत लिहावे लागते आणि तालमीत एकदा गाऊन दाखवावे लागते.

ट्रॉम्बोनवर मींड सहज येते असे अनेकांना वाटते. साध्या टेनर ट्रॉम्बोनच्या सरकत्या नळीला सात जागा आहेत, म्हणजे सलग घसरण जास्तीत जास्त सहा अर्धस्वरांची, सा ते तीव्र म एवढीच. शिवाय दोन्ही टोके एकाच फुंकीच्या साखळीत, म्हणजे फुंक न बदलता नुसती नळी सरकवून मिळणाऱ्या स्वरांत, असावी लागतात. खालच्या ई पासून वर बी-फ्लॅटपर्यंत अखंड जाता येते. त्यापेक्षा अर्धा स्वर वर, एफ पासून बी पर्यंत, अंतर तेवढेच असूनही जाता येत नाही, कारण तो बी पुढच्या साखळीतला आहे आणि तिथे घसरण तुटते.

तालाबद्दल रूपकचे उदाहरण देतो. सात मात्रा, ३+२+२, आणि समेवरच ‘खाली’, म्हणजे टाळी नसलेली हलकी मात्रा. ७/४ लिहून पार्ट दिला की वादक पहिल्या मात्रेवर जोर देणारच, कारण बारची पहिली मात्रा जड हे त्याच्या अंगात भिनलेले असते. रूपकचा जीवच त्यामुळे जातो. उपाय तोंडी सांगून होत नाही, लेखनात करावा लागतो. पहिल्या मात्रेवर बेस आणि टिंपनी ठेवूच नयेत, तिथे फक्त वरचे तार हलक्या आवाजात. चौथ्या आणि सहाव्या मात्रेला, जिथे तबल्यात ‘धी’ येतो, बेसचे आणि चेलोचे पिझिकाटो (बोटाने तार छेडणे) द्यावे आणि अॅक्सेंटची खूण करावी. बारच्या आत तिसऱ्या आणि पाचव्या मात्रेनंतर तुटक उभी रेघ द्यावी, म्हणजे वाजवणाऱ्याला आणि कंडक्टरला खंड दिसतात. झपताल १०/४ च्या एका लांबलचक बारमध्ये कोंबण्यापेक्षा ५/४ च्या दोन बारांत लिहिलेला बरा. २+३ दोनदा येते आणि ‘खाली’ दुसऱ्या बारच्या सुरुवातीला पडते. तिहाई असेल तर स्वरांच्या शेंड्या तिहाईच्या तुकड्यांप्रमाणे जोडाव्यात, मात्रांप्रमाणे जोडल्या तर तिहाई कागदावर ओळखूच येत नाही.

आता कम्प्युटरच्या आवाजाविषयी. तो कुठे फसवतो हे माहीत असेल तर तो चांगला सोबती आहे. तो सर्वांत जास्त फसवतो तोलात. फ्लूटचे खालचे सप्तक हळुवार, धुरकट असते. त्याच्या डोक्यावर दोन हॉर्न आणि सगळी तारवाद्ये मध्यम जोरात वाजली की तो नाहीसा होतो. कम्प्युटरवर मात्र फ्लूटचा आवाज वाढवला की तो स्वच्छ ऐकू येतो आणि रचनाकाराला वाटते जमले. रशियन संगीतकार रिम्स्की-कोर्साकोव्ह यांचा ठोकताळा अजूनही कामाचा आहे: जोरात वाजवताना एक ट्रंपेट किंवा एक ट्रॉम्बोन म्हणजे दोन हॉर्न, आणि एक हॉर्न म्हणजे दोन फ्लूट, दोन ओबो किंवा दोन क्लॅरिनेट. हळू वाजवताना हा फरक बराच मिटतो. कच्ची रचना तपासताना सगळ्या वाद्यांचे आवाजाचे खटके एका पातळीवर आणावेत आणि तोल फक्त कागदावरच्या पी, एमएफ, एफ (हळू, मध्यम जोर, जोर) या खुणांनी साधतो का ते पाहावे. नाही साधला तर दोष मांडणीत आहे, मिक्सिंगने तो झाकू नये.

दुसरी फसवणूक दमाची. कम्प्युटरला धाप लागत नाही. साठच्या लयीत ४/४ चे चार बार म्हणजे १६ सेकंद, आणि फ्लूटवर मंद्रात जोराने एवढा श्वास पुरत नाही. तंबोऱ्यासारखा स्वर फुंकवाद्यांना द्यायचाच असेल तर दोन वादकांत वाटून, एकाच्या शेवटावर दुसऱ्याची सुरुवात चढवून लिहावा. तारवाद्यांना गज बदलावा लागतो, पण ते आळीपाळीने बदलू शकतात. तशी सूचना लिहिली की झाले. याच कारणाने चार संथ बारांवर एकच लांब स्लर (स्वर जोडणारी कमान) काढू नये. व्हायोलिनवाला स्लरचा अर्थ ‘एका गजात’ असा घेतो आणि गजाचे केस असतात साधारण ६५ सेंटीमीटर. जोरात वाजवायचे तर ते फार लवकर संपतात.

आणि जोडस्वर. व्हायोलिनला मंद्रातला जी आणि त्याच्या वरचा मध्य सी एकदम वाजवायला सांगणारे पार्ट आम्ही सर्रास पाहतो. दोन्ही स्वर एकाच तारेवर आहेत, कारण पुढची तार डी पासून सुरू होते. एका तारेतून दोन स्वर कसे निघणार? अशा ठिकाणी ‘डिव्ह.’ लिहून स्वर दोन वादकांत वाटावेत.

पार्ट काढताना पहिला धोका ‘कॉन्सर्ट पिच’ बटणाचा. रचना करताना ते चालू ठेवले की सगळी वाद्ये खऱ्या स्वरांत दिसतात आणि सोयीचे पडते. ते तसेच चालू राहिले तर हॉर्नच्या कागदावर खरा डी छापला जातो. हॉर्नवाला तो एफ हॉर्नचा डी समजून वाजवतो आणि प्रत्यक्षात पाच स्वर खालचा जी निघतो. एफ हॉर्नला आपला सा ए म्हणून लिहिलेला हवा. छापण्याआधी हॉर्न आणि क्लॅरिनेटचा प्रत्येक पार्ट उघडून पहिला स्वर ताडून पाहावा. स्कोअरच्या, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या ओळी एकत्र असलेल्या कंडक्टरच्या प्रतीच्या, पहिल्या पानावर तो खऱ्या स्वरांत आहे की वाद्यांच्या स्वरांत, हेही स्पष्ट लिहावे, नाहीतर तालमीत कंडक्टर आणि हॉर्नवाला एकमेकांना वेगवेगळ्या स्वरांची नावे सांगत बसतात.

कागद ही गोष्ट किरकोळ वाटते, पण निम्म्या तालमी तिच्यामुळेच नासतात. झेरॉक्सच्या दुकानातला नेहमीचा ७५-८० जीएसएमचा ए-फोर कागद स्टँडवर वाकतो आणि मागच्या पानाचे स्वर पुढे दिसतात. १०० जीएसएमचा घ्यावा. ए-थ्रीवर छापून मधोमध दुमडला की चार पाने होतात, आणि पाठपोट सुट्ट्या पानांचा त्रास राहत नाही. स्पायरल स्कोअरला ठीक, पार्टला नको. पंचरेषांची उंची पार्टमध्ये सात ते आठ मिलिमीटर ठेवावी. त्याहून बारीक असेल तर एका स्टँडवर दोघांनी हातभर अंतरावरून वाचणे शक्य होत नाही. स्कोअर कंडक्टरच्या हाताशी असतो, तिथे रेषा लहान चालतात, पण मग तो ए-थ्रीवरच छापावा.

पान उलटण्याचा हिशेब आधी करता येतो. १२० च्या लयीत ४/४ चे मिनिटाला ३० बार, म्हणजे चार मिनिटांचे १२०. एका ओळीत पाच-सहा बार आणि पानावर दहा ओळी धरल्या तर व्हायोलिनचा पार्ट दोन-अडीच पानांत बसतो. दोन पानांत बसत असेल तर पहिले पान नुसते नावासाठी ठेवून संगीत दुसऱ्या पानापासून सुरू करावे. दोन्ही पाने समोरासमोर उघडी राहतात आणि उलटावेच लागत नाही. तिसरे पान लागणार असेल तर उलटण्याची जागा विश्रांतीवर आणावी, भले आधीच्या पानावर दोन ओळी रिकाम्या राहोत. तारवाद्यांत एका डेस्कवरचे दोघे एक पार्ट वाचतात आणि त्यातला आतल्या बाजूचा पान उलटतो. म्हणजे उलटताना विभागाचा निम्मा आवाज गळतो. हे हळुवार जागी झाले तर श्रोत्याला संगीताऐवजी कागदाची सळसळ ऐकू येते.

लांब विश्रांतीनंतर आत येणाऱ्याला खूण द्यावी. टिंपनीवाल्याला ४७ बार मोजायला लावले तर तो चुकणारच आणि चुकला की पुढची सगळी इमारत सरकते. विश्रांती तालमीच्या खुणांपाशी तोडावी, आणि आत येण्याआधीच्या दोन-तीन बारांत दुसऱ्या एखाद्या ठळक वाद्याची ओळ लहान अक्षरांत दाखवावी. ते वाद्य त्या वादकाला त्याच्या जागेवरून खरोखर ऐकू येणारे हवे. वाद्यवृंदाच्या शेवटच्या रांगेत बसलेल्याला व्हायोलाच्या पिझिकाटोची खूण देऊन उपयोग नाही. तालमीच्या खुणा ए, बी, सी देण्यापेक्षा थेट बारचे आकडे चौकटीत द्यावेत आणि प्रत्येक ओळीच्या सुरुवातीलाही बारचा आकडा असावा. ‘८४ पासून घेऊ’ म्हटले की सगळे एका जागी येतात. आकडे आणि सूचना रोमन लिपीत ठेवाव्यात, कारण गोव्याचा, ईशान्येचा किंवा परदेशी वादक देवनागरी वाचू शकेलच असे नाही.

पहिल्या खेपेला मोठा पसारा मांडू नये. फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, बासून (खर्जातले फुंकवाद्य) प्रत्येकी एक, दोन हॉर्न, टिंपनी आणि तारवाद्ये ६-५-४-४-२, म्हणजे एकूण २८ वादक. फुंकवाद्यांचे चार, हॉर्नचे दोन, टिंपनीचा एक आणि तारवाद्यांच्या डेस्कप्रमाणे ३+३+२+२+१ असे अकरा, मिळून १८ पार्ट छापायचे. प्रत्येकाची एक जादा प्रत आणि दोन स्कोअर. ओबो आणि बासून आपल्याकडे दुर्मीळ. त्यांच्या ओळींतला महत्त्वाचा भाग क्लॅरिनेटच्या किंवा चेलोच्या पार्टमध्ये लहान अक्षरांत देऊन ठेवला तर वादक न आला तरी रचना उभी राहते. क्लॅरिनेट आणि हॉर्नसाठी पोलीस बँड आणि लष्करी बँडमधल्या निवृत्त वादकांकडे जरूर जावे. ते कागद उत्तम वाचतात आणि त्यांना कोणी बोलावत नाही.

समानधर्मी मंडळींना पाठवताना एका फोल्डरमध्ये स्कोअरची पीडीएफ, प्रत्येक वाद्याची वेगळी पीडीएफ, म्युझिक एक्सएमएल आणि ध्वनिमुद्रण असे चारही असावे. एक्सएमएलमध्ये स्वर आणि लांबी नीट जातात, मजकुराच्या जागा हलतात, म्हणून पीडीएफ लागतेच. ध्वनिमुद्रण कम्प्युटरचे आहे की माणसांनी वाजवलेले, हे नावातच लिहावे. आवाज ओढून ताणून मोठा करू नये. यूट्यूब मोठ्या आवाजाचे मुद्रण सुमारे उणे १४ एलयूएफएसपर्यंत (हे ऐकू येणाऱ्या मोठेपणाचे माप) खाली आणते. मोठा करण्याच्या नादात लिमिटर (आवाजाची शिखरे दाबणारे साधन) लावला तर हळू आणि जोर यांतला फरकच चेपला जातो, आणि वाद्यवृंदाचे सगळे सौंदर्य त्या फरकात आहे. शिखर उणे एक डेसिबलच्या खाली ठेवून सोडून द्यावे. सोबत ‘कसे वाटले?’ असे न विचारता नेमके विचारावे: ६० ते ७२ बारमध्ये ओबो ऐकू येतो का, १०५ ला हॉर्नला श्वास घ्यायला जागा आहे का. उत्तरेही मग नेमकी येतात.

कागद वाटला तर कोणी चोरेल ही भीती अनेकांना असते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने संगीतरचनेत तिचे लेखनही धरले आहे. हक्क रचना लिहिली गेल्याबरोबर मिळतो, नोंदणी सक्तीची नाही, आणि तो रचनाकाराच्या हयातीत व त्यानंतर ६० वर्षे टिकतो. प्रत्येक पानाच्या तळाशी नाव, वर्ष आणि वाजवायला कशी परवानगी आहे ते छापावे. क्रिएटिव्ह कॉमन्सचा (ठरावीक अटींवर सर्वांना वापर खुला करणारा) परवाना निवडला तर इंटरनेटवरच्या पेत्रुची संगीत ग्रंथालयात हयात रचनाकारालाही आपला स्कोअर ठेवता येतो आणि जगभरचे वादक तो उतरवून घेतात. मात्र चित्रपटातल्या किंवा नाट्यसंगीतातल्या चालीवर रचना बेतली असेल तर त्या चालीचा हक्क कोणाकडे आहे ते पाहून परवानगी घ्यावी. ‘फक्त मित्रांना पाठवले’ हे उत्तर पुरेसे नाही.

आमची एक विनंती संगीत महाविद्यालयांना आणि सभागृहे चालवणाऱ्यांना आहे. वर्षातून दोनदा एखाद्या रविवारी सकाळी फक्त वाचनासाठी वादकांना एकत्र बोलवावे. कार्यक्रम नाही, तिकीट नाही, भाषणे नाहीत. २८ खुर्च्या, १८ स्टँड, एक कंडक्टर आणि प्रत्येक रचनेला तीस मिनिटे. पहिल्यांदा न थांबता शेवटपर्यंत वाजवावे, कितीही फिसकटले तरी. मग वादकांनी अडचणीच्या जागा सांगाव्यात, दहा मिनिटे त्या दुरुस्त कराव्यात आणि पुन्हा एकदा सलग वाजवून मोबाइलवर नव्हे, तर दोन बऱ्या माइकवर मुद्रित करावे. रचनाकाराने या वेळात कंडक्टरच्या मागे उभे राहू नये. स्कोअर घेऊन सभागृहाच्या मध्यावर बसावे, कारण तोल तिथेच कळतो. आपल्या दैनिकाने अशा वाचनांची माहिती आठवड्याच्या कार्यक्रमांच्या रकान्यात छापली तर वादक आणि रचनाकार एकमेकांना सापडतील.

प्रत्येक स्टँडवर एक मऊ पेन्सिल ठेवावी, टू-बी चांगली, पेन मुळीच नको. वादक पेन्सिलीने चष्म्याची खूण काढतात तिथे कंडक्टरकडे बघावे लागते, स्वल्पविराम देतात तिथे श्वास लागतो, स्वराला गोल करतात तिथे चिन्ह चुकलेले असते, आणि पानाच्या कोपऱ्यात बाण दिसला तर पान उलटायला वेळ पुरला नाही. वाचन संपल्यावर सगळे पार्ट परत गोळा करावेत आणि खोडरबर लावण्याआधी एकेक पान स्कॅन करून ठेवावे. पुढची आवृत्ती त्या खुणा शेजारी उघडून करायची आहे.

आपले नम्र,
वाद्यवृंदात वाजवणारे आणि पार्ट तयार करणारे काही वाचक,
मुंबई व पुणे